काहिलीतल्या विहिरी

दौलततात्यांनी कुणाला आधी रामराम घातल्याचं मला आठवत नाही. माणूस समोर आला की पहिला प्रश्न, "किती गाठी?" हात-हात अंतरावर गाठी मारलेली, दगड बांधलेली दोरी खांद्यावर टाकून ते आमच्या निरवांगी गावातली एक सोडून प्रत्येक विहीर रोज मोजत. पाणी जितक्या गाठी खाली, तितकी काळजी त्यांना. कालव्याच्या कचेरीतून पेन्शनीत निघाले, पण मोजायचा नाद सुटला नाही. एका लग्नात अक्षता हातात धरून ते आधी परसातल्या आडात डोकावून आले होते.

लोक हसायचे. मीही हसायचो, माझ्या विहिरीवर ऑइल इंजिन बसेपर्यंत.

भिगवण स्टेशनातून बैलगाडीनं इंजिन आणलं, गावाला पेढे वाटले. तात्यांनी पेढा हातात तसाच धरून ठेवला. "पानी एका जागी बसत न्हाय, बाबा. चालतंय ते." त्या चैत्रात ते रोज बांधावर येऊन माझ्या विहिरीची एक गाठ जास्त सांगू लागले. आज बारा. उद्या तेरा. तात्या लांबून दिसले, की मी इंजिनाच्या आडोशाला जायचो.

शेवटी मी चिडून म्हणालो, "माझ्या हिरीचं पानी माझं. दुसऱ्याचं काय जातंय?"

तात्यांनी गुऱ्हाळातली गूळ कढवायची काहील चौघांकरवी उचलून देवळापुढं मांडली. एका बाजूखाली विटा सरकवून उतार केला, आत मुरूम भरला, पाणी सोडलं. मग भोकं पाडलेल्या वेळूच्या नळ्या रोवल्या. या गावच्या विहिरी. प्रत्येक नळीत ज्वारीच्या ताटाचं भेंड तरंगत होतं आणि त्यावर खोचलेली काडी वर डोकावत होती.

माझ्या विहिरीच्या नळीत सोडलेली रबरी नळी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू इंजिन. वढ."

चारचौघांत मी गढूळ पाणी तोंडानं ओढून थुंकायला लागलो. हशा पिकला. माझी काडी खाली गेली, शेजारची गेली, आणि उताराच्या वरच्या टोकाची काडी हळूहळू आत जात दिसेनाशी झाली. हसणारे वाकून त्या नळीत बघू लागले. माझ्या दातांखाली मुरूम करकरत होता आणि मी खरोखर घाबरलो होतो.

टोकाची नळी कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती तात्यांचा धाकटा भाऊ गणपत याची विहीर. वाटणीपासून बारा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. गणपतच्या वस्तीला प्यायला दुसरं पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्या मला गणपतच्या बांधापर्यंत घेऊन गेले आणि त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "तू सोड. मी हितंच हुबा ऱ्हातो."

विहिरीच्या काठावर गणपत खोकत बसला होता. मी दोरी सोडली. पाण्याचा आवाज आलाच नाही, दगड चिखलात रुतला.

"सकाळधरनं दोन घागरी निघाल्या," गणपत म्हणाला. एवढंच. त्यानं मला एक शिवी दिली असती, तरी बरं वाटलं असतं.

मी परत येऊन सांगितलं, "तात्या, तळ लागलाय. आजपासनं इंजिन बंद."

त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात विचारलं, "त्याचा खोकला अजून तसाच हाय का रं?"

"तुमीच इचारा की," मी म्हणालो.

बांध गुडघाभर उंचीचा होता. तात्यांचा पाय काही उचलेना.