मास्तरांच्या नळाला करंट

एकवीस वर्षांत आपल्याला एकदाही शॉक बसलेला नाही, असं वायरमनताई छातीठोकपणे सांगायच्या. घरोघरी जाऊन विजेची कामं करणाऱ्या या बाई स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार. त्यांचा नियम एकच होता. वायरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, त्याला आपलं कुलूप आणि किल्ली आपल्या कमरेला. मग दारात खुद्द यम येऊन उभा राहिला, तरी काम संपेपर्यंत ते कुलूप निघायचं नाही.

त्या दिवशी सकाळी एका निवृत्त मास्तरांनी आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार उघडलं आणि ताईंना ओलांडून जिन्यात वाकून पाहिलं.

"मिस्त्री मागून येताहेत का?"

"मिस्त्री पुढूनच आल्यात. तक्रार काय आहे?"

"तक्रार हिची आहे. स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात म्हणते. वय झालं, दुसरं काय."

मास्तरीणबाई ओट्याशी उभ्या होत्या. हाताला कोरडं फडकं गुंडाळून त्या नळ सोडत होत्या. ताईंनी टेस्टर नळाला टेकवला. टेस्टरचा दिवा लख्ख पेटला.

"म्हणजे टेस्टरचंही वय झालंय," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मास्तरीणबाईंची मान जरा ताठ झाली.

ताईंनी मास्तरांच्या घराची वीज बंद केली. टेस्टर तरीही पेटलेलाच! म्हणजे करंट या घरातला नव्हता. लोखंडी पाइपातून तो कुठून तरी पाहुणा आला होता.

"वर कोण राहतं?"

"सेक्रेटरी," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. अख्ख्या इमारतीत हे नाव याच आवाजात घेतलं जायचं.

"त्यांनी गिझर बसवलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "स्वतःच्या हातांनी. दोन महिने झाले. माझ्या मुंग्यांनाही तेवढेच झाले."

ताई आपली शिडी घेऊन धावत वर गेल्या. बेल वाजवली, दार बडवलं. आतून फक्त पाण्याचा आवाज आणि त्यावर एक बेसूर गाणं. माणूस गिझरखाली ओला उभा होता. तीन मजले उतरून त्यांनी मीटरच्या खोलीत सेक्रेटरींचा मेन स्विच पाडला आणि त्यावर कुलूप ठोकलं.

वर गाणं मधल्याच ओळीत तुटलं.

दोन मिनिटांत सेक्रेटरी जिना उतरू लागले. कमरेला टॉवेल, अंगभर फेस, एक डोळा मिटलेला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार किलकिलं करून हे दृश्य पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. खुद्द सेक्रेटरी अर्ध्या आंघोळीतून बाहेर पडलेत, त्याअर्थी पाणी जाणार. त्यांनी हे समोरच्यांना सांगितलं, समोरच्यांनी वरच्यांना. घराघरांतून बादल्यांचा खडखडाट सुरू झाला.

"कुलूप काढा," सेक्रेटरी गरजले.

"मास्तरांच्या नळाला करंट येतोय. तुमचा गिझर तपासल्याशिवाय नाही काढणार."

"मी कोण आहे माहीत आहे?"

"माहीत आहे. ओला माणूस."

"हे मास्तरांचं कारस्थान आहे. मागच्या सभेत मी त्यांना गप्प बसवलं म्हणून! हातोडी आणा कुणीतरी. मी फोडतो हे कुलूप."

ताईंनी घडीची शिडी मीटरसमोर आडवी लावली आणि तिच्या पायरीवर बसल्या. "फोडा. पण आधी मला उठवावं लागेल."

जिन्यात माणसं जमली. कुणी बाईमाणसाने असं वागू नये म्हणालं, कुणी सेक्रेटरींनी आधी कपडे घालावेत म्हणालं. हातोडी मात्र कुणी आणली नाही. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मास्तरीणबाई पुढे आल्या. हातातलं फडकं त्यांनी सेक्रेटरींसमोर धरलं.

"भाऊजी, दोन महिने मी याच्यावर काढले. तुमच्या गिझरवर तुमचा एवढा विश्वास आहे ना? मग ताई वीज चालू करतील. तुम्ही असेच, ओल्या हाताने, माझा नळ धरा."

सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हातावरून पाणी ठिबकत होतं.

"आधी तपासून घेऊ," ते म्हणाले.

ताईंनी वर जाऊन गिझर उघडला. आतली कॉइल फुटून पाण्यात करंट सोडत होती, आणि करंट जमिनीत नेऊन सोडणारी वायर जागेवर नव्हतीच.

"इथली हिरवी वायर कुठे गेली?"

"ती जास्तीची निघाली," सेक्रेटरी म्हणाले. "दोन वायरींवर पाणी व्यवस्थित तापतं. तिसरी मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलीय."

ताईंनी गिझर लाइनीतून तोडला आणि नवी कॉइल बसेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. मग वीज सोडली. मास्तरांच्या स्वयंपाकघरात निम्मी इमारत गोळा झाली. टेस्टर टेकवला. अंधार. मास्तरांनी घसा खाकरला, बायकोकडे पाहिलं आणि अख्ख्या हयातीत विद्यार्थ्यांसमोर कधी न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं.

"माझं चुकलं."

मास्तरीणबाईंनी फडकं बाजूला ठेवलं, उघड्या हाताने नळ धरला आणि पूर्ण सोडला.

नळाने एक लांब उसासा टाकला. थेंबभरही पाणी आलं नाही. बादल्या, पिंप, पातेली, फुलदाण्या, सगळं काठोकाठ भरून इमारतीने टाकी कोरडीठाक केली होती. गर्दीच्या मागे अंगावर फेस वाळलेले सेक्रेटरी टाचा उंचावून नळाकडे पाहत होते.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. मास्तरीणबाईंचा हात अजून नळावरच होता.

"पाण्याचं काम मी करत नाही," ताई म्हणाल्या, आणि शिडी काखेत मारून दोन-दोन पायऱ्या उतरत निघाल्या.