पुढे सासरा आहे

जेवणाचा डबा उघडता उघडता अश्विनने बायकोचा फोन उचलला आणि मिनिटभरातच डबा पुन्हा बंद केला. भूक मेली होती.

"बाबांची गाडी येऊनच राहिली," मिनल सांगत होती. "तू स्टेशनावर पोहोचेपर्यंत ते बाहेर येतील. तुमचं ते नवीन ॲप मी कालच त्यांच्या फोनात टाकून दिलं. तुझ्याच फोनवरून लिंक पाठवली."

"कोणतं ॲप?"

"स्टेशनाच्या आतला रस्ता सांगते ते. बोलते ना ते! म्हटलं, जावई काय काम करतो ते तरी पाहतील."

अश्विन खुर्चीतून ताडकन उठला.

नागपुरात सदर भागातल्या लहानशा ऑफिसात तो आणि सौरव प्रवाशांसाठी नकाशाचं ॲप बनवत होते. रस्त्यावरचं वळण सगळेच नकाशे सांगतात; पण स्टेशनात शिरल्यावर कोणता जिना चढायचा, कोणत्या दाराने निघायचं, हे सांगणारा भाग त्यांनी नव्याने जोडला होता. चाचणीसाठी नागपूर स्टेशन घेतलं. तिथले खांब, बाकडी, ओली फरशी, दुरुस्तीची कामं, जे जे वाटेत येतं त्याला 'अडथळा' असं नाव दिलं. फक्त एका लोखंडी कठड्याचं नाव वेगळं होतं. तो हलवता येत नव्हता, ओलांडता येत नव्हता आणि कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच रोखून बघतोय असं वाटायचं. अश्विनने गमतीत त्याला 'सासरा' म्हटलं होतं. सौरव हसून हसून बेजार झाला, आणि नाव बदलायचं राहून गेलं.

आता अश्विनचे खरेखुरे सासरे, चंद्रपूरचे वामनराव, त्या कठड्याच्या दिशेने निघाले होते.

वामनरावांची सगळी नोकरी जंगलखात्यात झाली होती. मिनलने आपल्या मर्जीने लग्न केलं तेव्हापासून ते अश्विनशी एक शब्द बोलले नव्हते. आता मिनलला सातवा महिना लागला होता. डोहाळजेवणाला यायचं की नाही, हे ठरवण्यापूर्वी त्यांनी बायकोला, पार्वतीबाईंना, सांगितलं होतं, "मी आधी घर पाहून येतो. मग तू येजो." म्हणजे सगळं काही आजच्या दिवसावर होतं.

"सौरव! 'सासरा' काढून 'अडथळा' कर. आत्ताच्या आत्ता!"

"काहून बे, काय झालं?"

"माहा सासरा ते ॲप लावून स्टेशनात उतरून राहिला!"

सौरवने लगेच कॉम्प्युटर पुढे ओढला. कोणता शब्द शोधायचा आणि त्या जागी कोणता टाकायचा, अशा दोन चौकटी भरायच्या, एवढीच साधी गोष्ट. त्याने घाईघाईने त्या भरल्या, बटण दाबलं आणि म्हणाला, "झालं. जा तू."

अश्विनने स्कूटर काढली. पहिल्याच सिग्नलला फोन वाजला.

"अश्विन, गाडी बाजूला घे," सौरवचा आवाज खोल गेला होता. "शब्द उलटे पडले."

"म्हणजे?"

"म्हणजे अडथळ्याच्या जागी सासरा झाला. सगळ्याच अडथळ्यांच्या. मी आता परत सरळ केलं, पण त्यांच्या फोनानं तोपर्यंत नकाशा उतरवून घेतला बे. ॲप बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय आता काही होत नाही."

स्कूटर कडेला लावून अश्विनने सासऱ्यांना फोन केला. लग्नानंतरचा पहिलाच. उचलला गेला, पण 'हॅलो' म्हणण्याआधी पलीकडून गर्दीचा गलबला आला आणि त्यातून एका बाईचा स्वच्छ, गोड आवाज:

"सावधान. पुढे ओला सासरा आहे. पाय घसरू शकतो."

"मामाजी! मी अश्विन! ते ॲप बंद करा!"

"कायले?"

"त्यात... त्यात बिघाड आहे."

"कोणता बिघाड? बाई बरोबर सांगून राहिली. तिचं ऐकू द्या मले." फोन कटला. कटता कटता बाई पुन्हा म्हणाली, "जुना सासरा हटवण्याचं काम सुरू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

स्टेशनापर्यंत स्कूटर कशी आली हे अश्विनला कळलं नाही. परतीची गाडी किती वाजता असेल, ते थेट तीच पकडतील का, मिनलला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. संत्रा मार्केटच्या बाजूच्या दारापाशी तो आला, तर समोरून वामनराव येत होते. पांढऱ्या मिशा, ताठ मान. शर्टाच्या खिशातून फोन अर्धा बाहेर. त्यांची बॅग एक तरुण पोरगा घेऊन येत होता, आणि मागून दहाबारा माणसं दात काढत होती.

"आपण गंतव्यस्थानी पोहोचला आहात," खिशातली बाई म्हणाली.

अश्विनने वाकून पाया पडून घेतलं. वर बघायचा धीर होईना.

"चला," वामनराव म्हणाले.

बॅग पायापाशी ठेवून, सासऱ्यांना मागे बसवून तो निघाला. मागचा माणूस एक अक्षर बोलेना. आरशात फक्त अर्धी मिशी दिसत होती, आणि ती मिशी हलत होती. दात खात असतील. एकदा खड्डा आला तेव्हा वामनरावांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला. अश्विनच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

"काय झालं?"

"काही नाही मामाजी. खड्डा."

घरी मिनलने दार उघडलं. अश्विन भिंतीला चिकटून उभा राहिला. वामनराव सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला.

"मिनू, तुह्या नवऱ्यानं काय केलं माहीत आहे?"

"बाबा, काय झालं?"

"बाप्पा! असा मान मले चाळीस वर्षांच्या नोकरीत नाही भेटला." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जिन्यापाशी हे एवढी गर्दी. तेवढ्यात बाई बोलली, 'पुढे सासरा आहे, जपून वळसा घाला.' समोरचं पोरगं वळलं. म्हणे, काका, सासरे तुम्हीच का? मी म्हटलं, हाव, मीच. त्यानं सगळ्यांले बाजूले केलं अन् माही बॅगही घेतली. दर दहा पावलांवर माह्या नावाचा पुकारा!"

अश्विनने भिंत सोडली नाही.

"अन् हुशारी केवढी! गाडीत बाटली सांडून माही पँट भिजली होती. बाईनं तेही ओळखलं. सावधान, ओला सासरा आहे म्हणे!"

"आणि मामाजी, ते... हटवण्याचं?"

"ते ऐकलं. तिथं एक शिपाई उभा होता. त्याले म्हटलं, हटवून तर दाखव! चुपचाप सरकला बिचारा."

मग त्यांनी तिथूनच चंद्रपूरला फोन लावला. "पार्वती, तू परवा ये. घर चांगलं आहे. जावाई त्याहून चांगला." आणि फोन हाताने झाकून ते अश्विनकडे वळले. "जावाईबापू, तिच्याही फोनात हे टाकून ठेवजा. पण तिच्या वेळेस सासरा नोको. लोकं भलत्याच माणसाले वाट देतील. सासू म्हणायले लावजा."

"हो मामाजी," अश्विन म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याने दार लोटून फोन लावला.

"सौरव, ते अडथळे..."

"सगळे ठीक केले बे. एकही सासरा राहिला नाही. वाचलो आपण!"

"परवासाठी सगळ्यांची सासू कर."

सौरव पलीकडून ओरडलाच.

"तुले जीव जड झाला का?"

"कर म्हटलं ना!"

"करतो. पण ती ओली फरशी आहे, तिचं काय? 'ओली सासू' होईल ते."

अश्विनने दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. वामनराव बायकोला ओल्या सासऱ्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.

"तेवढी," तो घाम पुसत कुजबुजला, "कोरडी कर."