निटूरकर सरांचे चिंचोके

लग्नाच्या पंगतीत पान वाढले जात असतानाही निटूरकर सर खिशातून खडू आणि चिंचोके काढत. फरशीवर वर्तुळे आखून, पंगत नेमकी कुठे अडेल हे वाढप्यांना दाखवल्यावाचून त्यांना घास उतरत नसे. वर्तुळ म्हणजे जागा, रेघ म्हणजे घटना, चिंचोका म्हणजे माणूस. या शास्त्राला पेट्री जाळे म्हणतात. 'भूकंपाने सरांचे डोके फिरले' असे लातुरात अजूनही सांगितले जाते. साफ खोटे! चिंचोके भूकंपाआधीपासून होते. महाविद्यालयात त्यांच्या शेजारच्या टेबलाशी मी वीस वर्षे बसलो; सांगणारे बसले नव्हते.

लोखंडी जिन्याची हकिकतही लोक उलटीच सांगतात. शिकवण्यांचे पीक आले, तेव्हा आम्ही दोघे एका क्लासात गणित शिकवू लागलो. वर्ग माडीवर, जिना एकच. सरांनी क्लासच्या मालकांसमोर चिंचोके मांडले. वर्ग भरलेला, जिना चढणाऱ्यांनी भरलेला. उतरणाऱ्यांना जिना मोकळा हवा, चढणाऱ्यांना वर्ग.

"हलवा बघू एक तरी!"

मालकांनी बराच वेळ बोट फिरवले. "आजपर्यंत कधी अडलं न्हाई की, सर."

"अडलं नाही म्हणजे अडणार नाही का? कोण कधी येईल त्याचे सगळे क्रम तपासत बसलो तर जन्म जाईल. दोघं एकमेकांसाठी कुठं थांबतेत, तेवढंच हुडकायचं. बाहेरून दुसरा जिना करा. तोवर मी खालीच शिकवतो."

आणि त्यांनी सायकलींमध्ये फळा लावला. मालकांनी दयेपोटी जिना केला, असे म्हणतात. दया कसली! आठव्या दिवशी ते स्वतःच त्या जिन्यात मधोमध अडकले. ना वर, ना खाली.

बाहेरचा लोखंडी जिना उभा राहिला, तेव्हा मी पेढे घेऊन सरांकडे गेलो. फरशीवर एका घराचे जाळे आखले होते. उंबऱ्यावर दोन चिंचोके.

"निटूरकर, हे कुठलं घर?"

"गावाकडचं." खडूचे बोट त्यांनी धोतराला पुसले. "भूकंपात शेजारीण तेवढी वाचली. तिनं ऐकलं. आई म्हणली, 'सूनबाई, तू हो बाहेर.' आमची म्हणली, 'आत्याबाई, आधी तुम्ही.' सासूच्या पुढं पाऊल कसं टाकावं? दोघी थांबल्या."

पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून मी फरशीवर टेकलो.

सरांनी एक चिंचोका अंगणात सरकवला. "आई आधी," ते म्हणाले. मग दुसऱ्यावर बोट ठेवून बसून राहिले.