वंदनाची चौकशी

बँकेचा माणूस दुपारी तीनला येणार होता, आणि भालचंद्र देशकरांनी ही गोष्ट साऱ्या कॉलनीपासून लपवून ठेवली होती. भोपाळच्या त्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये काही लपवणं किती कष्टाचं, ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. एका क्वार्टरमध्ये फोडणी पडली की चौथ्या क्वार्टरला भाजी कळायची. पण भालचंद्ररावांनी महिनाभर तोंडाला कुलूप लावलं होतं. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सहा वर्षं नट-बोल्ट मोजणारी. आणि आता म्हणते काय, तर पुन्हा पहिल्या वर्षाला बसते, नर्सिंगला! तेही पाच लाखांचं कर्ज काढून!

"बाबा, ऑपरेशननंतर अठरा दिवस आईला त्या सिस्टरनीच सांभाळलं," वंदना म्हणायची. "तेव्हा तुम्ही त्यांच्या पाया पडायला निघाला होतात. मग मी सिस्टर झाले तर कुठे बिघडलं?"

यावर भालचंद्रराव वर्तमानपत्र उघडायचे. शेवटी त्यांनी अर्जावर सही केली, पण कॉलनीत चकार शब्द काढायचा नाही या अटीवर. कर्ज मंजूर झाल्याचं पत्र उद्या बारापर्यंत कॉलेजात पोचलं नाही, तर वंदनाची सीट यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. सगळं आजच्या दुपारवर होतं.

आता बँकेचे मालवीय साहेब पडले नियमाचे माणूस. अर्जदाराच्या घरी जायच्या आधी शेजारीपाजारी विचारायचं, पण कर्जाचं नाव काढायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. पावणेतीनला ते गल्लीच्या तोंडाशी उतरले. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. समोरच नीळकंठ पाठक झाडांना पाणी घालत उभे होते.

"देशकरजी का परिवार कैसा है? और उनकी बिटिया?"

झालं! अनोळखी माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि देशकरांच्या मुलीची चौकशी. नीळकंठरावांनी पाण्याचा पाइप तिथंच टाकला. स्थळ आलं होतं! कॉलनीतल्या मराठी घरांचा एक नियम होता. कुणाच्याही मुलीची चौकशी आली की इतरांनी तोंडभरून बोलायचं. नीळकंठरावांच्या धाकटीच्या वेळी भालचंद्ररावांनी, तिच्या हातची पुरणपोळी कधी चाखली नसताना, तिचं अर्धा तास वर्णन केलं होतं. ते उपकार फेडायची वेळ आली होती.

"लड़की एकदम गरीब गाय है, साहब!" नीळकंठरावांनी सुरुवात केली. "नोकरीचा बिलकुल नाद नाही. आज बोलो, कल छोड़ देगी."

मालवीय साहेबांनी भुवया चढवून लिहून घेतलं. "और आगे पढ़ाई?"

"छे छे! किताब हाथ में ली की झोप आती है. उमर चोवीस. देशकरांचे मिसरोदला दोन प्लॉट आहेत, नागपूरला घर. पैसे की तो कमी ही नहीं!"

तेवढ्यात खिडकीतून प्रमिलाकाकूंनी डोकं बाहेर काढलं. आपल्या नवऱ्याला नेमकं महत्त्वाचं सांगता येत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार होती. "और इतनी नाजूक है भाईसाहब, भाजी चिरताना बोटाला खून आया तो चक्कर येऊन पडते!"

मालवीय साहेबांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

तीनला ते देशकरांच्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की वंदनाच्या आईच्या, रजनीताईंच्या हातातले पोहे ट्रेमध्येच थांबले.

"देशकरजी, वो पौधों को पानी देनेवाले साहब ने बताया, आपके दो प्लॉट हैं. फॉर्म में क्यों नहीं लिखे?"

"कसले प्लॉट? मेरे पास तो गमला रखने को जगह नहीं!"

"उम्र चौबीस कि अट्ठाईस? और बिटिया को पढ़ना ही नहीं है, ख़ून देखकर चक्कर आता है. ये नर्सिंग करेगी?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माफ़ कीजिए, मैं मना ही लिखूँगा."

सहा वर्षं नट-बोल्ट मोजून घेतलेला निर्णय कुणाच्या तरी जिभेपायी वाहून चालला होता. वंदना तडक गॅलरीत गेली. "नीळकंठकाका! आत्ताच्या आत्ता इकडे या!"

आणि मग महिनाभराचं ते कुलूप भालचंद्ररावांना स्वतःच्या हातानं फोडावं लागलं. "अहो, स्थळ नाही, बँक आहे बँक!" ते गॅलरीतूनच ओरडले. "पोरीच्या नर्सिंगचं कर्ज आहे! पाच लाखांचं!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. दोन मिनिटांत निम्मी गल्ली त्यांच्या बैठकीत होती.

"साहब, लड़की गाय नहीं है," नीळकंठराव धापा टाकत म्हणाले. "बिलकुल नहीं! एक नंबर हट्टी है! रात रात वाचते!"

"तो पंद्रह मिनट पहले आपने झूठ बोला?"

"वो तो शादी के लिए था ना!"

मालवीय साहेबांनी फाईल पुन्हा चाळली. मग म्हणाले, "देशकरजी तीन महीने में रिटायर हो रहे हैं. मुझे एक ज़मानतदार दीजिए, अभी. आप सबको इतना भरोसा है तो कोई साइन कर दे."

ज्याला त्याला पंखा बघावासा वाटू लागला.

"माझी... माझी बी शिफ्ट आहे," नीळकंठराव पुटपुटले.

"काका, तुम्ही मार्चमध्ये रिटायर झालात," वंदना म्हणाली.

"सरका, वाट द्या!" दारातून आवाज आला. वरच्या मजल्यावरच्या शशिकला जोगळेकर, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी देशकरांच्या गॅलरीत गळायचं, आणि त्यावरून वंदनाशी त्यांचं आठ वर्षं हाडवैर होतं. भालचंद्ररावांनी डोळे मिटून घेतले. आता संपलंच.

"सगळ्यांना विचारलंत, मला का नाही?" शशिकलाकाकू खुर्चीत बसल्या. "ये लड़की मेरे से आठ साल से झगड़ रही है. एस्टेट ऑफिसात माझ्याविरुद्ध अकरा अर्ज दिलेत तिनं. भर पावसात गेली, तापात गेली, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतली. जो शुरू किया वो छोड़ती नहीं. ही तुमचा हप्ता बुडवणार? तुम्हीच पावती द्यायला विसरलात तर तुमची खैर नाही! लाओ, कागद."

गॅलरीतलं ते ओरडणं ऐकताच पेन्शनचं पुस्तक घेऊनच त्या खाली उतरल्या होत्या. मालवीय साहेबांनी फॉर्म पुढे केला. "रिश्ता क्या लिखूँ?"

"पड़ोसी लिहा. दुश्मनाचा रकाना नसेल ना तुमच्याकडे?"

काकूंनी पेन उचललं. पण वंदनाला राहवेना.

"काकू, थांबा. सही करायच्या आधी सांगते. बारावा अर्ज मी आज सकाळीच देऊन आले."

रजनीताईंनी कपाळावर हात मारला. मालवीय साहेब कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले. काकूंनी चष्मा वर सरकवून वंदनाकडे रोखून पाहिलं.

"पोच घेतलीस?"

"घेतली."

काकूंनी सही केली.