उत्तरकाकांचे परिवर्तन

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात उत्तरे लिहिण्याचे काम एकाच गृहस्थांकडे होते आणि त्यांना सगळे उत्तरकाका म्हणत. काकांनी भाषा विषयात एम.ए. केले होते. त्या शिक्षणाचा उपयोग असा, की नळाला पाणी का येत नाही हे मुळीच ठाऊक नसताना ते त्याविषयी पानभर सभ्यपणे लिहू शकत. 'आपल्या पत्राची गांभीर्याने नोंद घेण्यात आली आहे' अशी सुरुवात आणि 'आपल्या सहकार्याच्या अपेक्षेत' असा शेवट. मधल्या मजकुराने आजवर कुणाचे वाईट झाले नव्हते आणि भलेही झाले नव्हते.

अपवाद एकच होता. चढावरच्या गल्लीत राहणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई दर महिन्याला नेमाने तक्रार करीत. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, बादल्या वाहून गुडघे कामातून गेले, असे त्या लिहीत. त्यांच्या उत्तराखाली काका आपल्या मनाने एक ओळ घालीत, 'गुडघ्यांची काळजी घ्यावी.' ही ओळ कुठल्याच नियमात बसत नव्हती, म्हणून ती लिहिण्याआधी ते एकदा दाराकडे बघून घेत.

अशा सुरळीत कारभारात वरून आदेश आला. ज्या कर्मचाऱ्यांच्या पदव्या जुन्या वळणाच्या आहेत, त्यांनी माहिती-तंत्रज्ञानाची पदव्युत्तर परिवर्तन पदवी दूरशिक्षणाने मिळवावी. न मिळवल्यास त्यांची रवानगी मीटरच्या गोदामात होईल. गोदामाला खिडकी नव्हती आणि बंद पडलेले मीटर तक्रार करीत नसल्यामुळे तिथे उत्तरे लिहायचीही सोय नव्हती. काकांनी थेट मोठ्या साहेबांची खोली गाठली.

"साहेब, मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच परिवर्तन पदवी," मोठे साहेब म्हणाले. "ज्याला कळतं त्याला तिथं प्रवेशच देत नाहीत." साहेब आपले ईमेल शिपायाकडून छापून घेऊन वाचत, पण त्यांची पदवी नव्या वळणाची होती.

काकांच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप बसला आणि माणसे ताटे मांडीवर घेऊन जेवू लागली. पडद्यावर प्राध्यापकांचा फक्त हात दिसे. हा हात चौकोन काढी, चौकोनातून बाण काढी आणि 'हे तर उघडच आहे' असे म्हणून पुढे जाई. विद्यार्थी हजर आहे की नाही हे माऊसच्या हालचालीवरून ठरत असे. काकांचा डोळा लागला, की सासूबाई भाजी निवडता निवडता माऊस हलवीत. सत्र संपले तेव्हा 'लक्षपूर्वक अध्ययन' या सदराखाली काकांचे खास अभिनंदन झाले. सासूबाईंनी ते स्वतःकडे ठेवून घेतले.

अडचण आली की मार्गदर्शकाला विचारायचे, असा नियम होता. मार्गदर्शकाचे उत्तर ठरलेले असे, 'प्रकरण तिसरे पाहावे.' तिसऱ्या प्रकरणात लिहिले होते, 'शंका असल्यास मार्गदर्शकास विचारावे.' उत्तराखाली प्रश्न येई, 'आपण समाधानी आहात का?' त्यापुढे दोन बटणे. एक 'होय' आणि दुसरे 'नाही, मला शंका पहिल्यापासून पुन्हा भरायची आहे'. काका 'होय' दाबीत. सगळेच दाबीत.

चर्चेचा तास मात्र काकांना मानवला. सहाध्यायांच्या मतांवर प्रतिक्रिया लिहिणे सक्तीचे होते आणि त्यासाठी विषय कळण्याची सक्ती नव्हती. काकांनी लिहिले, 'आपण मांडलेल्या मुद्द्याची गांभीर्याने नोंद घेतली असून त्यावर सर्वांगीण विचार होणे अगत्याचे आहे.' विद्यापीठ हरखून गेले. इतका प्रगल्भ विद्यार्थी त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी काकांना खालच्या सत्राचे मार्गदर्शक नेमले. काकांनी तिथेही कार्यालयाचाच शिरस्ता चालवला. त्यांना एकदा शंका विचारलेला विद्यार्थी पुन्हा विचारीत नसे, त्यावरून त्याचे शंकानिरसन झाले असे संगणक धरून चाले. थोड्याच दिवसांत काकांच्या स्वतःच्या सत्राच्या मार्गदर्शकाने काम सोडले (तोही विद्यार्थीच निघाला) आणि ती जागाही काकांना मिळाली.

आता शेवटचा प्रकल्प राहिला. काकांनी तक्रारींना आपोआप उत्तरे देणारा प्रोग्राम करायला घेतला आणि त्याला आपली जुनी पत्रे खाऊ घातली. प्रोग्राम उत्तरे फर्मास देई. पण एकदा सुरू झाला की थांबतच नसे. काकांनी नाना खटपटी केल्या. शेवटी त्यांनी विद्यार्थी म्हणून शंका पाठवली आणि सकाळी मार्गदर्शकाची पेटी उघडली, तर ती समोर हजर.

"अहो, मग देऊन टाका ना उत्तर," बायको म्हणाली.

"उत्तर येत असतं तर विचारलं कशाला असतं?"

"मग दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

"दुसरं कोण? इथं विचारणाराही मीच आणि सांगणाराही मीच!"

मुदत संपत आली होती. नाइलाजाने काकांनी लिहिले, 'आपली शंका स्वागतार्ह आहे. प्रकरण तिसरे पाहावे.' चहा झाल्यावर विद्यार्थी म्हणून त्यांनी ते वाचले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण गाढव बसलंय तिकडे?" ते कडाडले. सासूबाईंच्या हातातली भाजी खाली पडली.

जन्मभर पाठवलेले उत्तर काकांना आज पहिल्यांदा पोचले होते. त्यांना नर्सबाई आठवल्या, त्यांच्या बादल्या आठवल्या आणि स्वतःची लाज वाटली. त्या भरात त्यांनी मार्गदर्शक म्हणून दुसरे उत्तर लिहिले. 'मलाही येत नाही. पण आपण दोघे मिळून शोधू.' मग विद्यार्थी म्हणून त्यांनी 'होय' दाबले. खरेखुरे समाधान होऊन ते बटण दाबले जाण्याची बहुधा ही पहिलीच वेळ असावी.

दुपारपर्यंत नोटीस आली. मार्गदर्शकाने अज्ञान कबूल केल्याचा प्रकार विद्यापीठात यापूर्वी घडलेला नाही. यावरून विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचे आतून संगनमत असल्याचा दाट संशय येतो. दोघांनी वेगवेगळा खुलासा करावा, अन्यथा पदवी रोखण्यात येईल.

काका पेनाचे टोपण चावत बसले. खरे सांगावे तर विद्यार्थी बुडतो आणि मार्गदर्शकही बुडतो. दोघांचे मिळून कुटुंब एकच.

"लेकीचं शिक्षण अजून व्हायचंय," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही गोदामात बसलात तर कसं व्हायचं?"

काकांनी मार्गदर्शक म्हणून खुलासा लिहिला, 'सदर विद्यार्थ्याशी माझा कोणताही परिचय नाही.' विद्यार्थी म्हणूनही तेच लिहिले. दोन्ही खुलासे तंतोतंत जुळल्यामुळे ते खरे मानण्यात आले. प्रकल्प तसाच गेला. उत्तर न थांबण्याच्या दोषाला परीक्षकांनी 'अखंड सेवा' असे नाव देऊन जादा गुण दिले आणि काका परिवर्तित झाले.

कार्यालयाने तो प्रोग्राम मोठ्या कौतुकाने बसवला. काकांची खुर्ची वाचली. त्या खुर्चीपुढचे काम तेवढे गेले.

काही दिवसांनी नर्सबाई काठी टेकत, जिना चढून स्वतःच आल्या. त्यांच्या पिशवीत एका दिवसात आलेली उत्तरे कोंबून भरली होती.

"पूर्वी पत्रं लिहायचे ते गृहस्थ कुठं असतात हो?" त्यांनी विचारले. "पाणी नाही मिळालं कधी त्यांच्याकडून. पण शेवटी माझ्या गुडघ्यांची चौकशी असायची. मला वाटायचं, तिकडे कुणीतरी माणूस बसलंय."

"आताही असते की चौकशी," काका म्हणाले.

"असते ना. शेजारणीलाही आली. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. खालच्या दुकानदाराला आली, त्याच्या नातवाच्या शाळेला आली. साऱ्या गावाचे गुडघे बिघडलेत का?" त्या त्यांच्याकडे निरखून बघू लागल्या. "ते गृहस्थ तुम्हीच का?"

काकांनी सवयीने दाराकडे पाहिले. दारात मोठे साहेब उभे होते.

"त्या गृहस्थांशी माझा कोणताही परिचय नाही," काका म्हणाले.

काकांनी प्रोग्रामचा पडदा बाईंकडे वळवला. 'आपण समाधानी आहात का?' बाईंनी 'नाही, मला तक्रार पहिल्यापासून पुन्हा भरायची आहे' हे दुसरे बटण वाचले, जिन्याकडे पाहिले, गुडघ्यावरून हात फिरवला आणि 'होय' दाबले. त्या महिन्याच्या अहवालात विभागाला पैकीच्या पैकी मिळाले.

बाईंना हसू नका. काकांवरही एवढे चिडू नका. काल-परवाच तुमच्यापुढेही हाच प्रश्न आला होता, आणि कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे तुम्ही समाधानी आहात.