नोआप्तेचा खण

आमच्या खालच्या मजल्यावरचे ठोंबरेकाका संध्याकाळी सातलाच सगळ्या बिल्डिंगला शुभरात्री करून मोकळे होतात. आपण बर्डीच्या बाजारात खरेदीला निघालेलो असतो आणि हे फाटकाशी उभे. "बुओना नोत्ते गा." उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. मी आपला "हो हो, झोपा आता" म्हणत सटकायचो.

काका टपाल खात्यात सॉर्टर होते. उभी हयात पत्रं खणांत टाकण्यात गेली आणि परदेशी पाकिटांपायी भाषांचं वेड लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी बिल्डिंगचेच खण पाडले, प्रत्येक घराला शुभरात्रीची एक भाषा. आम्ही इटालियन, समोरच्या वहिनी स्पॅनिश, वरचे मास्तर फ्रेंच. काहून, असं विचारायची सोय नाही. काका थेट लॅटिनपासून सुरू करतात.

"रात्रीची मूळ माय नोक्तेम. तिच्या पाच पोरी. इटलीत दिली ते नोत्ते, स्पेनात नोचे, पोर्तुगालात नोइत, फ्रान्सात न्वी. सासर बदललं का बोलणं बदलते गा, तोंडावळा मायचाच राह्यते."

आपल्या उपासातलं 'नक्त', म्हणजे रात्रीचं एकवेळ जेवण, तेसुद्धा त्यांच्या मते या पोरींची मावसबहीण.

पाचवी रुमानियाची, नोआप्ते. ती बिल्डिंगमध्ये कुणालाच दिलेली नव्हती, म्हणून एकदा मी आमच्यासाठी मागितली. "तो खण भरला हाय," एवढंच म्हणाले. चुकीच्या खणात पत्र टाकणं हे काकांच्या लेखी महापाप. मी नाद सोडला.

गेल्या आठवड्यात त्यांचा पाय मुरगळला. सात वाजले तरी फाटक रिकामं, म्हणून बायकोने माझ्या हाती वरणभाताचा डबा दिला. दार उघडंच होतं. काका काठी टेकून काकूंच्या फोटोपुढे पाठमोरे उभे होते. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली.

"नोआप्ते बुना वं," ते म्हणाले. आणि थांबले, फाटकाशी थांबतात तसेच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला दिवसाकाठी एक उत्तर हवं होतं आणि मी तेवढंही धड देत नव्हतो.

"नोआप्ते बुना, काका," मी दारातूनच म्हणालो.

ते वळले नाहीत. फोटोकडे बघतच म्हणाले, "चुकीच्या खणात टाकलं गा तू."

मी डबा ठेवून निघालो, तेव्हा मागून आवाज आला.

"राहू दे त्याच खणात. काढू नको."