बाबा पास होतात

"बाबा, एकाच परीक्षेत दरवर्षी नापास व्हायला वेगळा अभ्यास लागतो का?"

'हिंमत असेल तर विचारून दाखव,' असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या, आणि घरात जिला सगळे तोफ म्हणत ती असल्या बाबतीत मागे राहणारी नव्हती. बाबा सरकारी कचेरीत कारकून. कर्मचाऱ्यांना कामकाजाच्या दोन्ही भाषा यायलाच हव्यात असा नियम, आणि बाबांना येत होती एकच.

"जमत नाही गं," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"मी शिकवते. वर्गात पहिली आहे मी त्या भाषेत."

आईला एकदम खोकला आला.

त्याच दिवशी तोफेनं फर्मान काढलं: मीठ हवं असेल तर दुसऱ्या भाषेत मागायचं. बाबांनी काही दिवस अळणी जेवून पाहिलं, मग मुकाट्यानं मागितलं. हळूहळू ते चप्पल सापडत नसली तरी त्याच भाषेत वैतागू लागले.

परीक्षेला मात्र ते निवांत गेले. कोरा पेपर देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण यंदा परीक्षा निघाली तोंडी! परीक्षक बाईंनी सहज विचारलं, "घरी कसं काय चाललंय?" झालं. साठलेलं सगळं बाहेर पडलं. बाबा मुलीच्या तक्रारी सांगत सुटले, त्याच भाषेत, कुठंही न अडखळता. बाईंनी डोळे पुसले आणि पहिला नंबर देऊन टाकला.

कचेरीत सहकाऱ्यांनी त्यांना फक्त खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं.

"सुटलो बुवा आम्ही," शेजारच्या टेबलवरचे काका म्हणाले.

कारण पास झालेल्यानं तक्रारीच्या खिडकीत बसायचं आणि दुसरा पास झालेला माणूस मिळेपर्यंत रजा मागायची नाही, असं त्याच नियमात पुढं लिहिलं होतं. म्हणून तर अख्खी कचेरी इमानेइतबारे नापास होत होती.

वर्षभर ठरवलेली समुद्रावरची सहल बोंबलली.

"आधी सांगायचं ना, बाबा!"

"काय सांगू? बाप मुद्दाम नापास होतो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी तोफ दप्तरासकट कचेरीत बाबांच्या साहेबांपुढे उभी. साहेब खिडकीपुढच्या भरल्या रांगेसमोर ऐटीत म्हणाले, "बाळ, दुसरा पास माणूस आण, लगेच रजा देतो."

"साहेब, तुम्ही कधी पास झालात?"

साहेब रांगेकडे बघत राहिले. रांग साहेबांकडे.

संध्याकाळी घरी येऊन तिनं दप्तर खाली टाकलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. साहेबांना मीच शिकवणार. ते पास झाले की ते खिडकीत आणि आपण समुद्रावर. उद्यापासून रोज संध्याकाळी इथंच येणार आहेत. आणि सराव म्हणून त्यांच्याशी गप्पा मारायला बाबा आहेतच."